मिलोस: आधी वारा विचारावा, मग किनारा

ग्रीसच्या मिलोस बेटावरच्या आमच्या पहिल्या सकाळी मुक्कामाच्या घराच्या मालकीणबाईंनी आज कुठे जाणार असे विचारले, तेव्हा ताईने आणि मी एका सुरात 'साराकिनिको' असे उत्तर दिले. त्यावर काही न बोलता त्यांनी अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरीकडे बोट दाखवले. चादर शिडासारखी फुगून दक्षिणेकडे ओढ घेत होती. "वोरियास," असे म्हणून त्यांनी एका हाताची पाच आणि दुसऱ्या हाताचे एक बोट वर केले. संध्याकाळी सहा वाजता जा असे त्या सुचवत असाव्यात, असा अर्थ ताईने लावला. सहापर्यंत थांबायचे तर अख्खा दिवस वाया जाईल, असा विचार करून आम्ही त्यांचा सल्ला सौजन्याने बाजूला ठेवला आणि भाड्याच्या लहानशा गाडीतून निघालो.

'वोरियास' म्हणजे उत्तरेचा वारा आणि सहा म्हणजे वाऱ्याचा जोर मोजण्याच्या ब्यूफर्ट मापनातील सहा, हे आम्हाला तासाभराने साराकिनिकोच्या कड्यावर उभे राहिल्यावर कळले. सहा ब्यूफर्टचा वारा ताशी साधारण ४० ते ५० किलोमीटर वेगाने वाहतो. साराकिनिको हे मिलोसच्या उत्तर किनाऱ्यावर असल्यामुळे त्या वाऱ्याच्या आणि त्या पांढऱ्या खडकांच्या मध्ये काहीही आडवे येत नाही. ज्या अरुंद खाचेत निळेशार, स्तब्ध पाणी असते असे असंख्य छायाचित्रांतून पाहिले होते, तिथे लाटा एकामागून एक आत घुसून भिंतींवर आपटत होत्या आणि त्यांचे तुषार वरच्या खडकांवर पडून तो सारा उतार निसरडा करून सोडत होते. आमच्याप्रमाणेच चुकलेली वीस-पंचवीस माणसे टोप्या हातांनी धरून उभी होती. अर्ध्या तासात आम्ही परतलो. मालकीणबाईंनी आमचे केस पाहिले आणि पुन्हा एकदा चादरीकडे बोट दाखवले.

त्यानंतरचे सगळे दिवस आम्ही रोज सकाळी आधी चादर पाहिली आणि मगच नकाशा उघडला. 'मिलोसवरचा सर्वांत सुंदर किनारा कोणता' हा प्रश्न मी जाण्यापूर्वी अनेकांना विचारला होता आणि त्यांनी उत्साहाने उत्तरेही दिली होती. पण तिथे जाऊन आल्यावर माझे मत असे झाले आहे, की हा प्रश्नच अपुरा आहे. वाऱ्याची दिशा सांगितल्याशिवाय या बेटावरच्या कोणत्याही किनाऱ्याला चांगला किंवा वाईट म्हणण्यात अर्थ नाही. नियम सोपा आहे. वारा उत्तरेचा असेल तर दक्षिणेकडे जावे, दक्षिणेचा असेल तर उत्तरेकडे. बेट सुमारे १५० चौरस किलोमीटरचे म्हणजे लहानच असल्यामुळे हे सहज जमते. एका बाजूचा खवळलेला समुद्र मागे टाकून अर्ध्या तासात दुसऱ्या बाजूच्या निवांत पाण्यात उतरता येते.

एजियन समुद्रावर उन्हाळाभर वाहणाऱ्या या उत्तरेच्या वाऱ्याला आज 'मेल्तेमी' म्हणतात. प्राचीन ग्रीक त्याला 'एतेसियाई', म्हणजे दरवर्षी येणारे वारे, म्हणत. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि सप्टेंबरात तो हळूहळू ओसरतो. आम्ही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो, त्यामुळे तो ओसरला असेल अशी माझी समजूत होती. ताईने तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आहे, आणि वाऱ्याने उडवलेले केस बांधता बांधता तिने मला या वाऱ्याचे मूळ समजावून सांगितले. दक्षिण आशियावर मोसमी पावसाच्या दिवसांत जे कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, त्याचा एक फाटा पश्चिमेकडे थेट तुर्कस्तानापर्यंत पोहोचतो. त्याच वेळी बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त असतो, आणि या दोहोंच्या मध्ये सापडलेली हवा एजियनवरून उत्तरेकडून दक्षिणेकडे धावत सुटते. "म्हणजे आपल्या पावसाचा हा लांबचा नातेवाईकच," असे म्हणून तिने विषय संपवला. नातेवाईक असल्यामुळेच बहुधा, तो ठरलेल्या दिवसापेक्षा जास्त राहिला.

दुसऱ्या दिवशी चादर त्याच दिशेने फुगलेली होती, म्हणून आम्ही दक्षिणेकडे फिरिप्लाकाला गेलो. गाडी वर ठेवून पायवाटेने खाली उतरताना जो बदल जाणवतो, तो मला शब्दांत नीट पकडता येईल की नाही याची शंका आहे. वर कानात शिरणारा वारा दहा-बारा पावलांत एकदम थांबतो आणि त्याच्या जागी पाण्याचा हलका आवाज ऐकू येऊ लागतो. खाली लांबच लांब पुळण, मध्येच पाण्यात उभा असलेला एक उंच सुळका आणि मागे लाल, पिवळ्या, गुलाबी, करड्या पट्ट्यांनी रंगलेला कडा. हा कडाच वारा अडवतो.

रंग कुठून आले हे समजण्यासाठी हे बेट मुळात काय आहे ते सांगावे लागेल. आफ्रिकेची भूपट्टी एजियनच्या खाली सरकत जाते आणि त्यामुळे खोलवर होणाऱ्या वितळण्यातून ज्वालामुखींची एक कमान तयार झाली आहे. मेथाना, मिलोस, सांतोरिनी आणि निसिरोस ही तिची ठळक ठाणी. सांतोरिनीचा ज्वालामुखी १९५० मध्येही जागा झाला होता. मिलोसवर मात्र मानवी इतिहासाच्या लिखित काळात लाव्हा ओकणारा उद्रेक झालेला नाही. इथे उरली आहे ती जमिनीखालची उष्णता. ती उष्णता, गरम पाणी आणि वायू खडकांतून वर येताना त्यांना आतून बदलत जातात. लोहाचा गंज चढला की लाल-तांबूस रंग येतो, गंधक साचला की पिवळा आणि खडकाची माती झाली की पांढरा. इतर ठिकाणी ज्वालामुखीचे पोट पाहायचे तर खोदावे लागते. मिलोसवर ते काम समुद्राने करून ठेवले आहे. प्रत्येक पुळणीमागे त्या पोटाचा एक वेगळा काप उभा आहे, आणि म्हणूनच इथले किनारे एकमेकांसारखे दिसत नाहीत. माणसानेही खोदायचे सोडलेले नाही. बेंटोनाइट आणि परलाइट या खनिजांच्या मोठ्या खाणी बेटावर आजही चालू आहेत, आणि पर्यटकांच्या गाड्यांना अधूनमधून खाणीच्या अजस्र ट्रकांना वाट द्यावी लागते.

फिरिप्लाकाच्या कड्याच्या अगदी पायथ्याशी सावली मिळते म्हणून लोक तिथे टॉवेल पसरतात. ताईने तसे करू दिले नाही. कडा मऊ आहे, त्यातून दगड सुटतात, आणि पायथ्याशी पडलेले ताजे ढिगारे पाहिले तर हे समजायला भूगोलाची पदवी लागत नाही. आम्ही स्वतःची छत्री पाण्यापासून थोड्या अंतरावर रोवली.

स्वतःच्या छत्रीविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत. ग्रीसमध्ये समुद्राची कड कायद्याने सार्वजनिक मालमत्ता आहे. तिथे जाऊन बसण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि आरामखुर्च्या भाड्याने देणाऱ्यांना फक्त ठरावीक जागेचा परवाना मिळतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी खुर्च्यांच्या रांगा पसरत पसरत पाण्यापर्यंत पोहोचल्या होत्या. २०२३ च्या उन्हाळ्यात याच सिक्लाडीस द्वीपसमूहातल्या पारोस बेटावर रहिवाशांनी हातात टॉवेल घेऊन किनाऱ्यांवर निदर्शने केली. ते 'टॉवेल आंदोलन' पाहता पाहता इतर बेटांवर पसरले, आणि २०२४ मध्ये नवा कायदा आला, ज्यानुसार खुर्च्या आणि पाणी यांच्यात किमान ४ मीटर मोकळी जागा असलीच पाहिजे. तक्रार करण्यासाठी सरकारने फोनवर एक ॲपही दिले. फिरिप्लाकाच्या एका भागात खुर्च्या होत्या, बाकी पुळण मोकळी होती, आणि आमच्या शेजारी आठवडाभरासाठी अथेन्सहून आलेले एक वृद्ध जोडपे जुनी चादर अंथरून टरबूज कापत बसले होते. चळवळ कशासाठी होती, हे त्या चादरीकडे पाहून मला जास्त नीट समजले.

फिरिप्लाकाच्या शेजारीच त्सिग्रादो आहे. या किनाऱ्यावर पोहोचण्याची वाट म्हणजे कड्यातली एक उभी भेग. तिच्यात एक दोरखंड सोडलेला आहे आणि दोर संपतो तिथे लाकडी शिडी आहे. वर उतरणाऱ्यांची रांग होती आणि खाली चढणाऱ्यांची, आणि कोणीही नेमलेले नसताना चार जण खाली, मग चार जण वर, असा क्रम आपोआप पाळला जात होता. ताईचे वय त्रेसष्ट आहे, माझे चौपन्न. मी तिला म्हटले, "ताई, आपण वरूनच पाहू या का?" तिने चपला पिशवीत टाकल्या, पिशवी माझ्या गळ्यात अडकवली, दोर धरला आणि माझ्याकडे पाठ करून खाली निघूनही गेली. त्यानंतर वर थांबणे मला शक्य नव्हते. दोराला घासून तळहात सोलवटले, वरच्या माणसाच्या पायाखालची वाळू माझ्या डोक्यावर पडली आणि शिडीची शेवटची पायरी वाटली त्यापेक्षा फूटभर वर होती, हे सगळे मी नमूद करून ठेवते, कारण छायाचित्रांत यातले काही दिसत नाही. खालची पुळण जेमतेम घराच्या अंगणाएवढी. पाणी मात्र असे, की गळ्यापर्यंत उभे राहिले तरी पायाच्या बोटांवरची नखे मोजता येत होती.

या स्वच्छतेचे कारणही ताईनेच सांगितले आणि ते थोडे खट्टू करणारे आहे. पूर्व भूमध्य समुद्राच्या पाण्यात पोषक द्रव्ये फार कमी असतात, त्यामुळे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीवही कमी आणि पाणी पारदर्शक. म्हणजे ज्याला आपण निर्मळ म्हणून डोक्यावर घेतो, ते पाणी समुद्राच्या हिशेबात उपाशी आहे. बाष्पीभवन खूप आणि नद्यांचे पाणी कमी, त्यामुळे ते खारटही जास्त; महासागराच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, तर इथे ३८-३९ ग्रॅमपर्यंत. याचा फायदा एवढाच, की माझ्यासारख्या बेताच्या पोहणाऱ्यालाही पाणी सहज उचलून धरते.

तिसऱ्या दिवशी आम्ही पालिओखोरीला गेलो. माझ्या मते हा मिलोसचा सर्वांत नवलाचा किनारा आहे, जरी सर्वांत देखणा नसला तरी. इथे जमिनीखालची उष्णता पायांना कळते. पुळणीच्या काही भागांत वरची वाळू उकरली की हातभर खोलीच्या आतच ती इतकी तापलेली असते, की हात पटकन मागे घ्यावा लागतो. पाण्यात उतरून चष्मा लावून पाहिले तर तळातून बुडबुड्यांच्या सरळ माळा वर येताना दिसतात आणि त्यांच्या आजूबाजूची वाळू पांढरट-पिवळसर झालेली असते. हे बुडबुडे मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचे, पण सोबत थोडा हायड्रोजन सल्फाइडही असतो. गंधकाचा तो वास वाऱ्याच्या झुळकेबरोबर येतो आणि जातो. एका जागी उभे राहिले तर डावा पाय गार पाण्यात आणि उजवा कोमट पाण्यात, असा अनुभव आम्ही दोघींनीही घेतला. ताईने विद्यार्थ्यांना भूगर्भातील उष्णतेविषयी आयुष्यभर जे फळ्यावर काढून दाखवले, ते तिच्या पायाखाली गुडगुडत होते, आणि ती पाण्यात कमरेएवढी उभी राहून बराच वेळ काहीच बोलली नाही. नंतर म्हणाली, "मुलांना इथे आणायला हवे होते गं." बाकी दिवसभर ती त्याच त्याच ठिकाणी बुड्या मारत राहिली.

तिथल्या एका खाणावळीत मातीची भांडी झाकण लावून या गरम वाळूत पुरतात आणि त्यात मटण, मासे, भाज्या तासन्‌तास शिजवतात. ताई शाकाहारी असल्यामुळे आम्ही भाज्या मागवल्या. वांगी, बटाटे, टोमॅटो आणि भरपूर ऑलिव्ह तेल. चव मंद आचेवर शिजवलेल्या कोणत्याही चांगल्या भाजीसारखीच होती, आणि ज्वालामुखीची म्हणून वेगळी चव शोधण्याचा माझा प्रयत्न फसला. वाळू मात्र दातांखाली आली नाही, याचे श्रेय स्वयंपाक्याला दिले पाहिजे.

पूर्व किनाऱ्यावर गंधकाच्या जुन्या, आता बंद पडलेल्या खाणीच्या इमारती आणि गंजलेली यंत्रे थेट किनाऱ्यावर उभी आहेत. तिथे आम्हाला जायचे होते, पण रस्ता कच्चा आहे. गाडी भाड्याने देणाऱ्या मुलाने पहिल्याच दिवशी नकाशावर पेनाने फुल्या मारून दिल्या होत्या. कच्च्या रस्त्यांवर विमा लागू होत नाही, टायर फुटला तर तुमचा खर्च. बेटाचा जवळपास अख्खा पश्चिम भाग त्या फुल्यांखाली गेला होता. मिलोसला गाडीने येणाऱ्यांनी करारातला हा मजकूर सही करण्यापूर्वी वाचावा. आम्ही वाचला नव्हता, तो मुलगा प्रामाणिक होता म्हणून आम्ही वाचलो. ज्यांना गाडी चालवायचीच नसेल, त्यांच्यासाठी आदामास बंदरातून उन्हाळ्यात मुख्य किनाऱ्यांपर्यंत बसगाड्या आहेत आणि त्या बऱ्यापैकी वेळेवर सुटतात.

चौथ्या सकाळी चादर दोरीवर सरळ लोंबत होती. मालकीणबाईंनी आमचे दार वाजवून ही बातमी दिली तेव्हा पुरते उजाडलेही नव्हते. आम्ही चहा न घेता निघालो आणि सूर्य समुद्रातून वर येत असताना साराकिनिकोच्या खडकांवर पोहोचलो.

तीन दिवसांपूर्वी ज्या जागेने आम्हाला हाकलून दिले होते, ती हीच असे वाटेना. साराकिनिकोला किनारा म्हणायचे ते सवयीने. वाळू आहे ती त्या खाचेच्या टोकाला, चार-सहा कुटुंबे बसतील एवढीच. बाकी सगळा पांढरा खडक आहे, गवताचे पातेही नसलेला, लाटांसारखाच वळणे घेत समुद्रात उतरत गेलेला. ज्वालामुखीची राख आणि प्युमिस या सच्छिद्र दगडाचे कण समुद्राच्या तळाशी थरांनी साचले, त्यांत पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचे सांगाडे मिसळले, नंतर तो तळ वर उचलला गेला आणि वाऱ्याने व पाण्याने त्याला घासून गुळगुळीत केले. म्हणजे ज्या वाऱ्याला आम्ही तीन दिवस बोल लावत होतो, हे सगळे कोरीवकाम त्याचेच होते. पहाटेच्या उजेडात तो खडक आधी निळसर, मग फिकट गुलाबी आणि मग डोळे दिपवणारा पांढरा होत गेला. खाचेतले पाणी इतके शांत होते, की तळाचा पांढरा रंग वर येऊन सगळे पाणी आतून उजळल्यासारखे दिसत होते. नाव सारासेन चाच्यांवरून पडले असे सांगतात. आम्ही तास-दीड तास पाण्यात होतो आणि त्या वेळात तिथे आमच्याशिवाय सहा-सात जणच होते.

नऊ वाजता पहिली बस आली. त्यानंतर लांब झगे घातलेल्या मुली, ड्रोन, उंच खडकांवरून उड्या मारणारी मुले आणि त्यांचे चित्रण करणारी दुसरी मुले यांनी जागा भरून गेली. उड्या मारणाऱ्यांचे कौतुक वाटले तरी खाली पाण्यात खडक कुठे आहे हे त्यांच्यापैकी किती जणांनी आधी पोहून पाहिले होते, याची मला शंका आहे. सावली कुठेच नाही, पिण्याचे पाणी नाही, आणि पांढऱ्या खडकावरून परत फिरणारे ऊन छत्रीखालीही पोहोचते. मऊ खडकावर नावे कोरलेली पाहून मात्र वाईट वाटले. पुरातन थरांवर कोणाचे कोणावर प्रेम आहे हे वाचायला आम्ही एवढ्या लांब आलो नव्हतो.

त्या संध्याकाळी आम्ही क्लिमाला गेलो. इथे पुळण अशी नाहीच. आखाताच्या काठावर कोळ्यांच्या घरांची एकच रांग आहे. खाली होडी ठेवण्याची जागा आणि वर राहण्याची खोली अशी या घरांची रचना असते. त्यांना 'सिरमाता' म्हणतात, आणि होडी ओढून आत घेण्यावरून ते नाव आले आहे. लाल, निळी, हिरवी, पिवळी दारे पाण्यापासून दोन पावलांवर उघडतात. भरतीला पाणी घरात शिरत नाही का, हा माझा पहिला प्रश्न होता. पण भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, या भागात तर ती वीतभरच, आणि त्यामुळेच समुद्राच्या इतके जवळ दार लावण्याचे धाडस करता येते. मोठी होडी गेली की उंबरठे भिजतात, एवढेच.

क्लिमाच्या वरच्या उतारावर प्राचीन मिलोस नगर होते. तिथल्या एका शेतात १८२० मध्ये एका शेतकऱ्याला जी संगमरवरी मूर्ती सापडली, तिला जग 'व्हीनस द मिलो' म्हणून ओळखते. ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि बेटावर प्लाका गावच्या संग्रहालयात तिची प्रतिकृती. याच नगराला इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सने वेढा घातला आणि ते पडल्यावर पुरुषांना ठार करून बायकामुलांना गुलाम म्हणून विकले. प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने ते लिहून ठेवले आहे. मूर्तीची पाटी तिथे आहे. वेढ्याची पाटी मला तरी दिसली नाही.

पाचव्या दिवशीही वारा पडलेलाच होता, आणि हा योग साधून आम्ही बोटीने क्लेफ्तिकोला गेलो. हा किनारा नैर्ऋत्य टोकाला आहे आणि तिथे गाडीरस्ता नाही. लांबची चाल करून जाता येते, पण बहुतेक लोक आदामासहून बोटीनेच जातात. मेल्तेमी जोरात असला की या फेऱ्या रद्द होतात किंवा मार्ग बदलतात, म्हणून मुक्काम चार-पाच दिवसांचा असेल तर बोटीचा दिवस आधीपासून पक्का करून ठेवू नये असे माझे मत आहे. आखातातून बाहेर पडताना 'अस्वले' नावाचे खडक लागतात आणि त्यातला एक खरोखरच मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या अस्वलासारखा दिसतो. पुढे जुन्या मँगेनीज खाणीचा गंजलेला परिसर, मग छत कोसळल्यामुळे वरून प्रकाश पडणारी सिकियाची गुहा आणि शेवटी क्लेफ्तिको.

'क्लेफ्तिस' म्हणजे चोर. पांढऱ्या कड्यांमधून सुटलेले सुळके, त्यांना पडलेली भगदाडे आणि आत वळत गेलेल्या गुहा यांच्यामुळे चाच्यांना जहाजे लपवायला ही जागा सोयीची होती. बोट नांगर टाकून थांबते आणि आपण पोहत कमानींतून आरपार जायचे. आत गेल्यावर उजेड पाण्याखालून वर येतो आणि छतावर जाळीसारखा हलत राहतो. मी जीवरक्षक जाकीट घालून गेले आणि मला त्याची लाज वाटली नाही. आमच्यासह अकरा बोटी तिथे होत्या, तीन बोटींवर एकाच वेळी तीन वेगळी गाणी लागलेली होती. चाचे निदान आवाज न करता राहत असावेत.

परतताना बोटीच्या तांडेलाने खिशातून एक काळा, चकचकीत तुकडा काढून दाखवला. ती ज्वालामुखीची काच, ऑब्सिडियन. मुख्य भूमीवरच्या फ्रांख्थी गुहेत, शेती सुरू होण्याच्याही आधीच्या थरांत मिलोसचा ऑब्सिडियन सापडला आहे; म्हणजे दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसे कशावर तरी बसून हा समुद्र ओलांडत होती आणि पात्यांसाठी ही काच नेत होती. ताईने तो तुकडा बराच वेळ उन्हात धरून पाहिला आणि विचारले, "त्यांना वारा कोण सांगत असेल?" तांडेलाला प्रश्न समजला नाही. त्याने तुकडा परत खिशात ठेवला.

निघण्याच्या दिवशी आमची बोट दुपारची होती. सकाळी सामान बांधून अंगणात आलो, तर चादर प्रथमच घराकडे, उत्तरेच्या बाजूला फुगली होती. मालकीणबाई हिशेबाची वही बाजूला ठेवून म्हणाल्या, "नोतियास," म्हणजे दक्षिणेचा वारा, आणि सवयीने त्यांनी नकाशावर उत्तर किनाऱ्यावरच्या प्लाथिएनावर बोट ठेवले. मी त्यांना बोटीची तिकिटे दाखवली. ताईने घड्याळ पाहिले.

गाडी परत केलेली होती, म्हणून टॅक्सी केली. प्लाथिएनाला टॅमरिस्कच्या झाडांची सावली आहे, समोर ती 'अस्वले' आहेत, आणि दक्षिणेचा वारा मागच्या डोंगराने अडवल्यामुळे पाणी तळ्यासारखे पडून होते. पाण्याच्या कडेला पोसिडोनिया या समुद्री गवताची सुकलेली पाने ढिगाने साचली होती. अनेक जण तो कचरा समजून नाके मुरडतात, पण हिवाळ्यातल्या लाटांपासून वाळू धरून ठेवतात ती हीच पाने. ती ओलांडून आम्ही पाण्यात गेलो आणि पाऊण तासाने टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवेपर्यंत बाहेर आलो नाही. अथेन्सजवळच्या पिरियस बंदरापर्यंतचे सगळे तास माझ्या मांडीवर ओल्या कपड्यांची पिशवी होती आणि ताईच्या कानात वाळू.